शर्यत सात मिनिटांची, कसोटी आधीच्या दिवसांची

ब्राझीलमधील रिओ दि जानिरो येथे २०१६ साली झालेल्या ऑलिम्पिकमध्ये नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ नौकानयनाच्या एकेरी, म्हणजेच सिंगल स्कल प्रकारात उतरला होता. ६ ऑगस्टच्या पहिल्या फेरीत दोन हजार मीटर अंतर कापण्यास त्याला ७ मिनिटे २१.६७ सेकंद लागले. १३ ऑगस्टला त्याच सरोवरात तेवढेच अंतर त्याने ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत पार केले. एका आठवड्यात जवळपास २७ सेकंदांचा फरक पडला. पहिल्या फेरीत सर्व ताकद पणाला लावायची नसते, हे खरे. पण एवढ्या मोठ्या फरकाचे मुख्य कारण दत्तूच्या दंडात नव्हते, ते वाऱ्यात आणि पाण्यात होते.

धावण्याच्या किंवा पोहण्याच्या शर्यतीत जगभर मैदान आणि तलाव साधारण सारखेच असतात. नौकानयनात मात्र प्रत्येक ठिकाणचे पाणी निराळे, वारा निराळा आणि अनेकदा हाताशी असलेली नौकाही निराळी असते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय स्पर्धेपूर्वी परदेशात घालवलेले आठ-पंधरा दिवस या खेळात निर्णायक ठरतात. या दिवसांत खेळाडूचे बळ वाढत नाही. ते वर्षानुवर्षे घरच्या पाण्यावर कमावलेले असते. परक्या मुलुखात ते फक्त टिकवता येते किंवा गमावता येते. कमावलेले काही न गमावता प्रारंभरेषेपर्यंत पोहोचणे, हेच या दिवसांतले खरे काम होय.

चांदवडहून रिओपर्यंत

दत्तू भोकनळ हा चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या गावचा. हा भाग टंचाईग्रस्त म्हणून ओळखला जातो. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याची कामे केलेल्या या तरुणाचा नौकेशी काहीही संबंध नव्हता. वडिलांच्या निधनानंतर तो २०१२ मध्ये लष्करात भरती झाला आणि पुण्यातील लष्करी वातावरणात त्याला हा खेळ प्रथम भेटला. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटत असे. पुढे पुण्यातील आर्मी रोइंग नोड या लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रात त्याची तयारी झाली. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथील आशिया-ओशिनिया पात्रता स्पर्धेत रौप्यपदक मिळवून त्याने रिओची जागा निश्चित केली. खेळ सुरू केल्यापासून अवघ्या चार वर्षांत तो ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला होता.

रिओमध्ये भारताचा तो एकमेव नौकानयनपटू होता. त्याच सुमारास त्याची आई अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली होती. अशा मनःस्थितीत घरापासून हजारो मैल दूर राहून सरावाचे वेळापत्रक पाळणे हा त्याच्या तयारीचाच एक भाग होता. मोठ्या संघांच्या खेळाडूंना सहकाऱ्यांची सोबत असते. एकेरी नौकेचा खेळाडू पाण्यावर एकटा असतो आणि देशाचा एकच खेळाडू पात्र ठरला असेल, तर तो किनाऱ्यावरही बहुतांशी एकटाच असतो.

पहिले काम नौकेचे

परदेशात पोहोचल्यावर खेळाडू सर्वप्रथम नौकेकडे वळतो. एकेरी शर्यतीची नौका सुमारे आठ मीटर लांब आणि पाण्याच्या रेषेवर एका फुटापेक्षाही अरुंद असते. नियमानुसार तिचे वजन किमान १४ किलो असावे लागते. कार्बन तंतूंपासून बनवलेली ही नौका मजबूत असली, तरी तिचे कवच धक्क्याने सहज तडकते. इतकी लांब वस्तू विमानाने नेणे महागडे आणि जोखमीचे असते. जहाजाने पाठवायची तर ती काही आठवडे आधी कंटेनरमध्ये चढवावी लागते आणि तेवढे दिवस खेळाडूला तिच्यावर सराव करता येत नाही.

म्हणूनच लांबच्या देशांतील अनेक संघ स्पर्धेच्या ठिकाणी नौका भाड्याने घेतात. जर्मनीची एम्पाखर, इटलीची फिलिप्पी यांसारख्या नामांकित कंपन्यांच्या नौका जगभरच्या स्पर्धांमध्ये दिसतात. भाड्याची नौका जातीने उत्तम असली तरी ती दुसऱ्याच्या मापाने जुळवलेली असते. तिला आपल्या शरीराच्या मापावर आणण्यात पहिले एक-दोन दिवस जातात.

हे काम शिंप्याच्या कामासारखे असते. नौकेच्या दोन्ही बाजूंना वल्हे अडकवण्यासाठी धातूचे किंवा कार्बनचे हात असतात, त्यांना रिगर म्हणतात. दोन बाजूंच्या खुंट्यांमधील अंतर एकेरी नौकेत साधारण १६० सेंटिमीटरच्या आसपास असते. वल्ह्याची लांबी सुमारे २८५ ते २९० सेंटिमीटर असते. त्यांपैकी किती भाग आतल्या बाजूला ठेवायचा, वल्हे अडकते ती चौकट बैठकीपासून किती उंच ठेवायची, वल्ह्याचे पाते पाण्यात किती अंशांनी तिरपे उतरावे आणि पाय रोवण्याची फळी पुढे-मागे कुठे असावी, अशा अनेक गोष्टी ठरवाव्या लागतात. एखादे माप अर्ध्या सेंटिमीटरने चुकले तरी दोनशेहून अधिक वेळा वल्हे मारताना त्याचा त्रास पाठीला आणि मनगटाला जाणवतो. म्हणून अनुभवी खेळाडूंच्या पिशवीत आपल्या मापांची वही, मोजपट्टी आणि दहा-तेराचा पाना हमखास सापडतो.

यानंतर सुरक्षेची तपासणी होते. नौकेच्या टोकावर किमान चार सेंटिमीटर व्यासाचा मऊ रबरी चेंडू असावा लागतो. टक्कर झाल्यास टोकदार नौका दुसऱ्याच्या अंगात घुसू नये, हा त्यामागचा हेतू. खेळाडूचे बूट नौकेलाच जोडलेले असतात. नौका उलटली तर पाय लगेच मोकळे व्हावेत म्हणून बुटांच्या टाचा दोरीने बांधलेल्या असतात आणि बूट एका हाताने झटकन उघडावे लागतात. नौका कमी वजनाची भरल्यास तिच्यात वजन टाकावे लागते. शर्यतीनंतर अचानक केलेल्या तपासणीत नौका हलकी निघाली तर मेहनत वाया जाऊ शकते. म्हणून स्पर्धेपूर्वीच अधिकृत काट्यावर तिचे वजन करून घेण्याचा शहाणपणा संघ दाखवतात.

झोपेचे गणित

पुणे ते रिओ हा विमानबदलासह एका दिवसाहून अधिक काळाचा प्रवास आहे. रिओचे घड्याळ भारताच्या साडेआठ तास मागे असते. तेथील शर्यती सकाळी साडेआठला सुरू होत होत्या, तेव्हा भारतात संध्याकाळचे पाच वाजलेले असत. शरीर साधारणपणे दिवसाला एक तास या गतीने नव्या वेळेशी जुळते, असा ढोबळ हिशेब मांडला जातो. पश्चिमेकडचा प्रवास पूर्वेकडच्या मानाने सोसायला सोपा असतो. तरीही साडेआठ तासांचा फरक भरून निघण्यास आठवडाभर लागतो.

या काळात खेळाडूंच्या तक्रारी ठरावीक असतात. पहाटे तीनला जाग येते, दुपारी डोळे मिटू लागतात, भूक भलत्याच वेळी लागते. उपायही साधे असतात. सकाळच्या उन्हात फिरणे, स्थानिक वेळेनुसारच जेवणे, दुपारची झोप अर्ध्या तासावर न नेणे आणि पहिले दोन दिवस जोरदार सराव टाळणे, एवढे पथ्य पाळले तर फरक पडतो. लांबच्या प्रवासात तासन् तास बसल्याने कंबर आणि मांड्यांचे मागचे स्नायू आखडतात. नौकानयनात कंबरेचे दुखणे ही नेहमीची व्याधी असल्याने विमानातून उतरताच नौकेत बसून जोर लावणे धोक्याचे ठरते. पहिला सराव म्हणजे हलकी धाव, ताण देणारे व्यायाम आणि पाण्यावर संथ फेरी, एवढाच असतो.

परके पाणी

रिओतील शर्यती रॉड्रिगो दि फ्रेइतास या सरोवरात झाल्या. शहराच्या मध्यभागी, डोंगरांच्या कुशीत असलेले हे सरोवर कालव्याद्वारे समुद्राशी जोडलेले असल्याने त्याचे पाणी मचूळ आहे. कोर्कोव्हादो शिखरावरील येशू ख्रिस्ताचा प्रसिद्ध पुतळा येथून दिसतो. छायाचित्रात मनोहर दिसणारे हे स्थळ खेळाडूंसाठी मात्र अवघड होते. वारा वाढला की लाटा उसळत. ६ ऑगस्टला पाणी इतके खवळले होते की सर्बियाच्या दोघांची नौका शर्यतीतच उलटली. दुसऱ्या दिवशी, ७ ऑगस्टला, वाऱ्यामुळे संपूर्ण दिवसाच्या शर्यती रद्द कराव्या लागल्या. १० ऑगस्टलाही तीच वेळ आली.

अशा ठिकाणी आधीच्या दिवसांत पाणी ओळखून घेणे हा तयारीचा मोठा भाग असतो. वारा सकाळी कोणत्या दिशेने येतो, किती वाजता वाढतो, पाचशे मीटरच्या खुणेपाशी लाटा कशा लागतात, शेवटच्या टप्प्यात आडोसा कुठे मिळतो, या सर्वांची नोंद ठेवावी लागते. नौकानयनपटू उलट्या दिशेने, म्हणजे प्रारंभरेषेकडे तोंड करून बसतो. पुढचे त्याला दिसत नाही. त्यामुळे किनाऱ्यावरील एखादी इमारत, पूल किंवा झाड पाहून आपण किती अंतरावर आलो, हे त्याला मनात पक्के करावे लागते. खवळलेल्या पाण्यात वल्हे परत नेताना हात थोडे उंच ठेवावे लागतात, फटकाऱ्यांची लय किंचित बदलावी लागते. शांत पाण्यात सराव केलेल्या खेळाडूला हे एका दिवसात साधत नाही.

रिओच्या पाण्याबाबत आणखी एक चिंता होती, ती प्रदूषणाची. ऑलिम्पिकच्या आदल्या वर्षी, २०१५ मध्ये, याच सरोवरात जागतिक ज्युनियर स्पर्धा झाली, तेव्हा अमेरिकेच्या संघातील १३ खेळाडू आजारी पडले होते. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने केलेल्या चाचण्यांत रिओच्या पाण्यात सांडपाण्यातील विषाणू आढळल्याचे वृत्त जगभर गाजले. नौकानयनपटूच्या तळहातावर घट्टे आणि फोड असतातच. उघड्या जखमेवर दूषित पाणी उडणे किंवा पाण्याच्या बाटलीचे तोंड ओले होणे, एवढेही संसर्गाला पुरते. त्यामुळे बाटली पिशवीत झाकून नेणे, किनाऱ्यावर येताच हात साबणाने धुणे, वल्ह्यांच्या मुठी पुसून निर्जंतुक करणे आणि फोडांवर पट्टी बांधणे, या गोष्टी सरावाइतक्याच महत्त्वाच्या ठरल्या.

कृत्रिम जलमार्गही अडचणींपासून मुक्त नसतात. टोकियो ऑलिम्पिकसाठी समुद्रालगत बांधलेल्या सी फॉरेस्ट जलमार्गात लाटा थोपवण्यासाठी तरंगते बांध टाकले होते. त्यांना टनावारी कालवे चिकटली आणि वजनाने ते बांध बुडू लागले. ती काढण्यासाठी आयोजकांना मोठा खर्च करावा लागला.

सराव घटतो, धार वाढते

स्पर्धेपूर्वीच्या शेवटच्या दहा दिवसांत अधिकाधिक सराव होत असेल, असा सर्वसामान्य समज असतो. प्रत्यक्षात उलट घडते. घरी दिवसाला दोन-तीन वेळा पाण्यावर जाणारा खेळाडू आता वल्हवण्याचे एकूण अंतर निम्म्यापर्यंत खाली आणतो. वेग मात्र कमी करत नाही. शर्यतीच्या गतीने अडीचशे किंवा पाचशे मीटरचे तुकडे, प्रारंभाचे पहिले पाच-दहा फटकारे आणि भरपूर विश्रांती, असा क्रम असतो. महिनोन्महिन्यांचा थकवा या काळात उतरतो आणि साठलेली ताकद वर येते. दोन हजार मीटरची शर्यत बहुतांशी दमश्वासावर लढली जाते, पण सुरुवातीच्या आणि शेवटच्या झपाट्यात स्नायू आम्लाने अक्षरशः पेटतात. त्या दोन्हींची सवय ताजी ठेवणे, एवढाच या सरावाचा हेतू असतो.

येथेच अनेक नवोदित फसतात. शेजारून जगज्जेते सुसाट जाताना दिसतात आणि मोह होतो. सरावात त्यांच्याबरोबर जोर लावण्यात शर्यतीसाठी राखलेले बळ खर्ची पडते. सरावाच्या वेळी जलमार्गावर येण्या-जाण्याचे नियमही ठरलेले असतात. कोणत्या लेनमधून वर जायचे, कोणत्या लेनमधून परत यायचे, कुठे वळायचे, याचा नकाशा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. उलटे बसून वल्हवणाऱ्यांच्या या खेळात चुकीच्या लेनमध्ये शिरणे म्हणजे समोरासमोर टक्कर होय. म्हणून पहिल्याच दिवशी तो नकाशा पाठ करावा लागतो.

ताटात काय, औषधात काय

नौकानयनपटूचा दिवसाचा आहार चार ते पाच हजार कॅलरींच्या घरात असतो. सराव घटला की आहारही बेताने घटवावा लागतो. नाहीतर वजन वाढते आणि अंग जड होते. पोळी-भाजी, वरण-भातावर वाढलेल्या खेळाडूला परदेशी भोजनगृहात भात, अंडी, उकडलेले बटाटे, पास्ता आणि फळे यांवर भिस्त ठेवावी लागते. नवे पदार्थ चाखण्याची ही वेळ नसते. पोट एक दिवस बिघडले तरी शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात आणि सात मिनिटांच्या शर्यतीत ते लपत नाही.

आजारी पडल्यास आणखी एक पेच असतो. सर्दीवर सर्रास मिळणाऱ्या काही औषधांत स्यूडोएफेड्रिन असते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे ते स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. म्हणून संघाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय साधी गोळीही घेता येत नाही. उत्तेजकविरोधी यंत्रणेच्या नोंदणीकृत यादीतील खेळाडूला परदेशातही रोज एक तास आपण कुठे सापडू, हे आधी कळवून ठेवावे लागते. हॉटेल बदलले आणि माहिती बदलली नाही, तर ती चूक खेळाडूच्या नावावर जमा होते.

काट्यावरची शर्यत

कमी वजनाच्या गटातील खेळाडूंपुढे वजनाचाही प्रश्न असे. पुरुषांच्या दुहेरी लाइटवेट प्रकारात दोघांचे सरासरी वजन ७० किलोपेक्षा जास्त चालत नसे आणि कोणा एकाचे वजन ७२.५ किलोच्या वर जाता कामा नये, असा नियम होता. शर्यतीच्या आधी एक ते दोन तासांच्या दरम्यान हे वजन होई. त्यामुळे शेवटच्या दिवसांत घोटभर पाण्याचाही हिशेब ठेवावा लागे आणि वजन झाल्यावर तासाभरात गमावलेले पाणी भरून काढावे लागे.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचे अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग या प्रकारात उतरले होते. मे २०२१ मधील पात्रता स्पर्धा टोकियोतील त्याच जलमार्गावर झाल्याने पाणी त्यांच्या ओळखीचे होते. करोनाच्या नियमांमुळे मात्र आधीचे दिवस आखडले गेले होते. क्रीडाग्रामात स्पर्धेच्या पाच दिवस आधीच प्रवेश मिळत होता. रोज चाचणी द्यावी लागत होती आणि मुक्काम, सराव व भोजन यांपलीकडे फिरण्यास मनाई होती. त्यातच वादळाच्या अंदाजामुळे शर्यतींचे वेळापत्रक पुढे-मागे झाले. वेळ सरकली की वजनाचे आणि जेवणाचे गणितही नव्याने मांडावे लागते. या सर्वांतून वाट काढत या जोडीने उपांत्य फेरी गाठली आणि अखेर ११वे स्थान मिळवले. ऑलिम्पिकमधील भारतीय नौकानयनाची तोवरची ती सर्वोत्तम कामगिरी ठरली.

बैठक, लेन आणि प्रारंभ

शर्यतींच्या आधी संघ व्यवस्थापकांची बैठक होते. माघार घेणाऱ्यांची नावे, वेळापत्रक, हवामानाचा अंदाज आणि नियमांतील बारकावे तेथे सांगितले जातात. कोण कोणत्या गटात आणि कोणत्या लेनमध्ये, हेही सोडतीनंतर जाहीर होते. वाऱ्यामुळे एखाद्या बाजूच्या लेन फायद्याच्या ठरत असतील, तर आधीच्या फेरीतील कामगिरीनुसार चांगल्या खेळाडूंना त्या लेन देण्याची तरतूद आहे. म्हणजे पहिल्या फेरीतील एक स्थान पुढच्या फेरीतील पाण्याचा दर्जा ठरवू शकते.

खेळाडूने प्रारंभाच्या दोन मिनिटे आधी आपल्या लेनमध्ये नौका लावलेली असावी लागते. उशीर झाला तर ताकीद मिळते. लाल दिवा लागतो, मग हिरवा दिवा आणि आवाज एकाच वेळी होतात. दोनदा चूक करणारा शर्यतीतून बाद होतो. आडवा वारा असेल तर नौकेचे तोंड सारखे फिरते आणि ते सरळ ठेवण्यासाठी एका वल्ह्याने हलके फटके मारत राहावे लागते. हा सरावही आधीच्या दिवसांतच करून ठेवायचा असतो.

रिओमध्ये एकेरी प्रकारात ३२ खेळाडू होते. सहा गटांतील पहिले तिघे थेट उपांत्यपूर्व फेरीत जात आणि खवळलेल्या पाण्यात दत्तू आपल्या गटात तिसरा आला. उपांत्यपूर्व फेरीत ६ मिनिटे ५९.८९ सेकंद वेळ देऊन तो चौथा राहिला. पहिले तिघेच पदकाच्या शर्यतीत पुढे जात होते. त्यानंतर १३ ते १८ या स्थानांसाठीच्या 'क' अंतिम फेरीपर्यंत पोहोचून त्याने ती जिंकली. त्या फेरीतील पहिला म्हणजे एकूण १३वा. लंडन ऑलिम्पिकमध्ये २०१२ साली स्वर्णसिंग १६वा आला होता, तर २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये बजरंगलाल ताखर २१वा होता. पॅरिस येथे २०२४ मध्ये बलराज पन्वर २३वा आला. त्यामुळे एकेरीतील दत्तूचे १३वे स्थान पॅरिस ऑलिम्पिकपर्यंत तरी भारताचे सर्वोत्तम राहिले.

पालेमबांगचा ताप

काय गमावता येते आणि किती लवकर सावरता येते, याचे उदाहरण दोन वर्षांनी इंडोनेशियात दिसले. पालेमबांग येथील जाकाबारिंग जलमार्गावर २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील शर्यती झाल्या. दत्तू एकेरी आणि चौघांच्या अशा दोन प्रकारांत उतरला होता. उष्ण, दमट हवेत त्याला ताप भरला. २३ ऑगस्टच्या एकेरी अंतिम शर्यतीत तो सर्वांत शेवटी, सहावा आला. ज्या प्रकारात पदकाची आशा होती, तेथे आजारी शरीराने साथ सोडली.

अवघ्या एका दिवसाने, २४ ऑगस्टला, स्वर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्याने क्वाड्रपल स्कल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. चौघांच्या नौकेत एक जण कमी पडला तर ते साऱ्यांनाच भोवते. तरीही संघाने त्याच्यावर विश्वास टाकला. पुढे २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पालेमबांगच्या त्या दोन दिवसांनी एक गोष्ट ठळक केली. वर्षभराची मेहनत एका तापाने झाकोळते. पण विश्रांती, पाणी, औषध आणि सोबतीची माणसे वेळेवर मिळाली, तर ती पुसली जात नाही.

पुढची स्पर्धा

२०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये लाइटवेट गट नाही. त्याऐवजी किनाऱ्यावरून धावत जाऊन समुद्रात नौका घालण्याचा बीच स्प्रिंट हा प्रकार आला आहे. लाँग बीच येथील जलमार्ग आखूड असल्याने नेहमीच्या शर्यती तेथे दोन हजारऐवजी दीड हजार मीटरच्या होणार आहेत. एकेरी शर्यत त्यामुळे सुमारे पावणेदोन मिनिटांनी कमी होईल. अंतर कमी झाल्याने प्रारंभातील चूक भरून काढण्यास आणखी कमी वाव राहील. कॅलिफोर्नियाचे घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे असेल, म्हणजे दिवस आणि रात्र पुरती उलटी होतील.

पुण्याच्या पाण्यावर घडणाऱ्या पुढच्या खेळाडूंसाठी यातून निघणारा हिशेब सरळ आहे. नौका वेळेवर हाती यावी, मापे जुळवायला दोन दिवस मिळावेत, शरीराला झोप सावरायला आठवडा मिळावा आणि आजारपणात विचारायला एक डॉक्टर जवळ असावा. यांपैकी एकही गोष्ट खेळाडूला स्वतःच्या दंडाच्या बळावर मिळवता येत नाही. ती संघटनेने, लष्कराने आणि क्रीडा खात्याने महिनोन्महिने आधी ठरवायची असते. शर्यत आखूड झाली, तरी तिच्याआधीचे दिवस तेवढेच लागणार आहेत.